जमिनीचा विमा होता, छातीचा नव्हता

मार्च २०२४ चा तिसरा आठवडा. सांगलीहून मामांचा फोन आला. "पंधरा मेला अमेरिकेला निघायचंय, तिकिटं झाली. घराच्या पॉलिसीची मुदत ३१ तारखेला संपतेय आणि एजंट म्हणतोय तिकडचा विमाही आजच काढून टाका. तू एकदा येऊन कागद बघून जा."

मी सर्वसाधारण विम्यातला सर्व्हेअर. जळालेली दुकानं, पाण्यात गेलेली घरं बघायची आणि नुकसान मोजायचं, हे माझं काम. घराच्या पॉलिसीतली कलमं मला पाठ आहेत. परदेशातल्या आरोग्यविम्याशी मात्र तोवर कधी गाठ पडली नव्हती, ती या प्रकरणात पडली. मामा-मामींच्या संमतीने हे आकड्यांसकट लिहितो आहे. माणसांची आणि कंपन्यांची नावं देत नाही.

मामा तेव्हा ६९ वर्षांचे. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त. साखर आणि रक्तदाब जुनाच, २०२१ मध्ये हृदयात एक स्टेंट बसवलेला. मामी ६३ वर्षांच्या, त्यांना रक्तदाबाची एक गोळी. मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण ताई, न्यू जर्सीत. जूनमध्ये तिचं पहिलं बाळंतपण. २६ ऑक्टोबरपर्यंतचा मुक्काम, एकूण १६५ दिवस. तेवढे दिवस कर्नाळ रस्त्याच्या बाजूचं बैठं घर बंद राहणार, आणि तेही नेमकं पावसाळ्यात.

टेबलावरचे कागद

घराची पॉलिसी बघितली आणि मी थक्क झालो. घराची विमा रक्कम ९० लाख. घरातल्या सामानाची ८ लाख, दागिन्यांची ११ लाख. वर्षाचा हप्ता २१ हजारांच्या आसपास. घर साडेअकराशे चौरस फूट चटईक्षेत्राचं, एकमजली. मी विचारलं, "मामा, हे ९० लाख कुठून आले?"

"एजंटने विचारलं, आज विकलं तर किती येतील? मी सांगितलं."

विकलं तर येणाऱ्या किमतीत जागेची किंमत असते, आणि कर्नाळ रस्त्याला बांधकामापेक्षा जागाच महाग. जागा जळत नाही, पडत नाही. पूर आला तरी ओसरल्यावर जिथल्या तिथेच असते. घराचा विमा उतरवायचा तो बांधकामाचा, म्हणजे तेच घर आज पुन्हा उभं करायला लागणाऱ्या खर्चाचा. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी विकायला लावली, तिच्यातही बांधकामाची रक्कम चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशीच काढतात. आमच्याकडे तेव्हा २,२०० रुपये फुटाने चांगलं काम होत होतं. ११५० गुणिले २,२००, म्हणजे २५ लाख ३० हजार. मामा चार-साडेचार वर्षं ९० लाखांवर हप्ता भरत होते. घर पूर्ण कोसळलं असतं तरी कंपनीने बांधकामाचाच खर्च दिला असता. वरच्या ६५ लाखांचा हप्ता दरवर्षी वाया गेला होता.

पण यात मामांना बोल लावावासा वाटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. मामांच्या घरात कमरेएवढं पाणी कित्येक दिवस साचून होतं. कपाटं फुगली, धान्य सडलं, मामींच्या आईचा शिसवी पाट सापडलाच नाही. विमा नव्हता. त्या महिन्यात मी सांगली-मिरजेत घरोघर फिरून चिखलात उभा राहून याद्या करत होतो आणि माझ्याच मामांच्या घराची यादी करण्यात काही अर्थ नव्हता. ती गोष्ट मला अजून सलते. मी आधीच बोलायला हवं होतं. पूर ओसरल्यावर पहिला जो माणूस फॉर्म घेऊन दारात आला, त्याच्यासमोर मामांनी सही केली. भ्यालेला माणूस रक्कम विचारत नाही.

दुसरा कागद म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या विम्याचं पत्रक. घराच्या पॉलिसीत जिथे पैसा उधळला होता, तिथली कसर मामा इथे काढणार होते. सगळ्यात स्वस्त योजनेवर त्यांनी पेनाने खूण केली होती. "दोघांचे मिळून ८०० डॉलर. ५० हजारांचं कव्हर. पुरे की."

तिसरा कागद मामांचा इथला मेडिक्लेम. मुदत १९ ऑगस्टला, म्हणजे ते तिकडे असतानाच संपणारी. मामांना वाटत होतं की पाच महिने आपण देशातच नाही, तर यंदा भरायचं कशाला, आल्यावर भरू. तिथे मी जरा आवाज चढवला. मेडिक्लेममध्ये खंड पडला की आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्यांचा दावा मिळत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून मोजतात. १ एप्रिल २०२४ पासून हा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला आहे, पण स्टेंट बसवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाला ती तीन वर्षंही फार मोठी, आणि नवी पॉलिसी मिळेलच याची खात्री नाही. हप्ता चुकला तर तीस दिवसांची सवलत मिळते खरी, पण ती सप्टेंबरच्या मध्यात संपली असती. त्यात मामांच्या फोनवर रोमिंग नव्हतं. पैसे भरताना बँकेचा ओटीपी तिकडे पोचलाच नसता. म्हणून हप्ता निघण्याआधीच आगाऊ भरून टाकला.

तिकडे खर्च कुणाचा

ताईच्या नवऱ्याला नोकरीतून आरोग्यविमा आहे. त्यात ताई आहे आणि बाळ येणार. आई-वडिलांना त्यात घालता येत नाही, हे त्याने कार्यालयात विचारून आधीच सांगितलं होतं. मेडिकेअर ही ६५ च्या पुढच्यांसाठी असलेली सरकारी योजना पाहुण्यांना नाही. ग्रीन कार्डवाल्यांनाही सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच हप्ता भरून ती घेता येते. इथला मेडिक्लेम भारतातल्या रुग्णालयांपुरता. थोडक्यात, न्यू जर्सीत काही झालं तर पाठीशी फक्त त्या पत्रकातली योजना.

ताईने पाठवलेली दोन योजनांची पूर्ण माहितीपुस्तकं मी दोन रात्री बसून वाचली. स्वस्त योजना ठरावीक रकमेची होती. प्रत्येक गोष्टीचा दर आधीच छापलेला: खोलीचे दिवसाला १,४०० डॉलर, तातडीच्या कक्षाचे ४००, तपासणीचे इतके, भूलतज्ज्ञाचे तितके. रुग्णालयाने दहापट बिल लावलं तरी योजना छापील रक्कमच देणार, उरलेलं तुमच्या गळ्यात. ५० हजार हा आकडा फक्त पुस्तकाच्या मुखपृष्ठावर.

दुसरी योजना सर्वसमावेशक. आधी डिडक्टिबल, म्हणजे ठरलेली पहिली रक्कम, तुम्ही भरायचं, मग पुढच्या ५ हजार डॉलरपैकी ८० टक्के कंपनी देणार, त्याच्या पुढे एक लाख डॉलरपर्यंत सगळं. शिवाय कंपनीचा ज्या रुग्णालयांशी करार आहे तिथे बिल करारातल्या दराने लागतं. अमेरिकेत रुग्णालयाची छापील दरपत्रकं आणि विमा कंपन्या प्रत्यक्षात देत असलेले दर यांत मोठी दरी असते. करारातल्या रुग्णालयांच्या या नेटवर्कचा खरा फायदा तिथे आहे, आणि ठरावीक रकमेच्या योजनेत तोच हुकतो.

भारतीय कंपन्यांच्या प्रवासविम्याचाही विचार केला. रुपयांत, स्वस्त, १८० दिवसांपर्यंत मिळणारा. पण साठीच्या पुढे बहुतेकांत आजारागणिक वेगळ्या मर्यादा लागतात आणि आधीच्या आजाराला संरक्षण फक्त जीव धोक्यात असेल तेव्हा. मामांच्या स्टेंटसाठी तो पुरेसा वाटला नाही.

तिथल्या सर्वसमावेशक योजनेतही एक मोठी मेख होती. आधीपासूनच्या आजारावरचे नेहमीचे उपचार तिच्यात नाहीत. फक्त 'अचानक उद्भवलेला तीव्र झटका' आहे, आणि त्याची व्याख्या कडक: पूर्वसूचना न देता आलेला असावा, आणि लक्षण सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेतलेले असावेत. शिवाय वय ७० झालं की बहुतेक योजनांत ही रक्कम खूप खाली येते. मामा ६९ चे होते. निघण्याआधी मी त्यांना ते कलम मराठीत लिहून दिलं. त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवलं.

पैसा इकडचा तिकडे

घराची पॉलिसी आम्ही ३१ मार्चला नव्याने केली. बांधकाम २५.३० लाख. सामानाला त्याच्या २० टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल मर्यादा १० लाख, आणि सामानाची यादीही द्यावी लागत नाही. मामांच्या वाट्याला ५ लाख ६ हजार आले. पूर, वादळ, भूकंप, वरची टाकी फुटून होणारं नुकसान सगळं त्यात. विमा रक्कम कमी लिहिली म्हणून दावा कापण्याची जुनी पद्धत या पॉलिसीत नाही, आणि बांधकामाची रक्कम वर्षाला १० टक्क्यांनी आपोआप वाढते. दहा वर्षांपर्यंतची एकरकमी पॉलिसी घेतली तर सवलत मिळते, पण परतल्यावर वर एक खोली बांधायचं मामांच्या मनात होतं, म्हणून वर्षाचीच घेतली.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. घर बंद ठेवून जाणाऱ्याला भीती असते ती चोरीची, आणि साधी घरफोडी या मूळ पॉलिसीत नाही. पूर येऊन किंवा आग लागून त्या गोंधळात सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच ती धरतात. घरफोडीचं कलम वेगळं, जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. आम्ही घेतलं. त्याच कलमात घर ३० दिवसांहून जास्त बंद राहिलं तर संरक्षण थांबेल अशी अट होती. अग्निविम्याच्या जुन्या पॉलिसींपासून ही तीस दिवसांची अट चालत आली आहे. कंपनीला लेखी कळवलं, शेजारचे काका आठवड्यातून दोनदा घर उघडून बघतील असं त्यात लिहिलं, आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घेतली. त्या नोंदीसाठी दोन हेलपाटे पडले. ते वाचवले असते तर पुढचं सगळं कागदावर व्यर्थ होतं.

दागिने ११ लाखांचे. घरात ठेवून त्यांचा विमा उतरवणं हा जुन्या हप्त्यातला सगळ्यात मोठा तुकडा होता. मामी म्हणाल्या, "पाच महिने मी घालणार कुठे आहे? लॉकरमध्ये टाका." मामांची बँक जुन्या गावात, तळमजल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट. भाडं ३ हजार असेल तर ३ लाख. पूर किंवा भूकंपाची जबाबदारी मुळात बँकेवर नाही, तिची स्वतःची हयगय असेल तरच. आणि सांगलीत २०१९ ला कुठवर पाणी आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून लॉकर विश्रामबागच्या चढावरच्या शाखेत घेतला.

नवा हप्ता सहा हजारांच्या आत आला. वर्षाला पंधरा हजारांची बचत.

ती सगळी, आणि वर मामांच्या ठेवीवरचं व्याज, अमेरिकेच्या विम्यात गेलं. मामांसाठी २५० डॉलर डिडक्टिबलची सर्वसमावेशक योजना. मामींची तब्येत बरी, म्हणून त्यांच्यासाठी तीच योजना, पण १,००० डॉलर डिडक्टिबलची, म्हणजे हप्ता उतरला. दोघांचं मिळून १,६५० डॉलर, मामांनी खूण केलेल्या योजनेच्या दुपटीहून थोडं जास्त. रुपयांत फरक ७१ हजार. घरावरच्या बचतीतून तो भरून यायला पावणेपाच वर्षं लागतील, असा हिशेब मामांनी लगेच मांडून दाखवला. तो बरोबरच होता. माझं म्हणणं वेगळं होतं: घर गेलं तर आपण २५ लाखांनी खाली जाऊ, आणि तेवढा विमा आता आहे. तिकडे छातीत दुखलं तर किती खाली जाऊ याला मापच नाही.

सातव्या आठवड्यातली रात्र

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. ४ जुलैच्या सुट्टीच्या आधीच्या रात्री पावणेबाराला मामा घामाने भिजून उठले. छातीवर दगड ठेवल्यासारखं, डावा जबडा ओढल्यासारखा. जावयाने ९११ ला फोन केला. रुग्णालय नेटवर्कमधलं होतं. ताईने मे महिन्यातच जवळच्या तीन रुग्णालयांची नावं फ्रिजवर लावून ठेवली होती. १९८६ च्या कायद्यामुळे अमेरिकेत तातडीच्या कक्षात आलेल्याला पैशांअभावी परत पाठवता येत नाही, आधी तपासून स्थिर करावंच लागतं. बिल मात्र माफ होत नाही.

ईसीजीत थोडा बदल, रक्तातल्या तपासण्या काठावर. सकाळी अँजिओग्राफी केली. जुना स्टेंट मोकळा, एका लहान वाहिनीत अडथळा, औषधांनी सांभाळता येणारा. दोन रात्री ठेवून घरी सोडलं.

बिल ६१,९०० डॉलर. नेटवर्कच्या दराने ते १७,६०० वर आलं. मामांचा वाटा २५० डिडक्टिबल आणि ५ हजारांचे २० टक्के म्हणजे १,०००, एकूण १,२५०. उरलेले १६,३५० कंपनीचे. पेनाने खूण केलेल्या योजनेतून जेमतेम सहा हजार मिळाले असते, आणि तेही ६१,९०० च्या यादीवर.

पण कंपनीने पैसे लगेच दिले नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं: मागच्या पाच वर्षांचे सगळे वैद्यकीय कागद पाठवा, आणि रुग्णालयाच्या नोंदीतल्या एका ओळीचा खुलासा करा. ती ओळ होती, 'रुग्णाला दोन-तीन दिवसांपासून छातीत जडपणा.'

नर्सने विचारलं होतं, कधीपासून त्रास? ताईने मराठीत विचारलं, आणि मामा म्हणाले, "दोन-तीन दिवस जरा जडच वाटतंय." ताईने जसंच्या तसं सांगितलं. ते खरंच होतं. दोन दिवस जेवणानंतर छातीखाली जळजळ होत होती आणि मामांनी कुणाला सांगितली नव्हती. मी फोनवर विचारलं, का नाही सांगितलंत? मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डिडक्टिबलचे अडीचशे डॉलर जातील असं वाटलं रे. बाळंतपणात खर्च झालाय पोरांचा."

पाकिटात घडी घातलेला कागद होता, त्यावर २४ तासांची अट मीच लिहिली होती. पण ते कलम मी दाव्याचं कलम म्हणून समजावलं. त्याचा सरळ अर्थ 'पहिल्या तासाला सांगा' असा होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. अडीचशे वाचवण्याच्या नादात सोळा हजारांवर डॉलर अडकले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते दोन दिवस हृदयाचे असते तर मामा कदाचित वाचलेही नसते. मला वाटतं हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. डिडक्टिबलचा आकडा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात आधीच बसलेला असतो, आणि त्या भीतीने ते दुखणं दाबतात. विमा घेताना मुलांनी आपल्या तोंडाने सांगावं की ती रक्कम आम्ही बाजूला काढून ठेवली आहे, तुमची नाही. जावयाने ते नंतर केलं, पाकिटात पैसे घालून मामींच्या हाती दिले.

खुलासा खरा होता म्हणून देता आला. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाने लिहून दिलं की आधीची जळजळ जेवणाशी निगडित, आम्लपित्ताच्या गोळीने थांबणारी होती, आणि जबड्यापर्यंत गेलेली कळ त्या रात्री पावणेबाराला पहिल्यांदा आली. रुग्णवाहिकेच्या कागदावर वेळ होतीच. सांगलीच्या डॉक्टरांकडून २०२१ ची डिस्चार्ज समरी, अँजिओप्लास्टीचा अहवाल आणि दर तीन महिन्यांच्या तपासण्या मी स्कॅन करून पाठवल्या. त्या नीट लावलेल्या होत्या ते मामांच्या हिशेबी सवयीमुळे. हे कागद निघण्याआधीच ताईच्या ईमेलमध्ये असते तर महिनाभर वाचला असता. औषधांचं मात्र नीट केलं होतं: अमेरिकेत पाहुण्याला स्वतःसाठी ९० दिवसांपर्यंतची औषधं नेता येतात, म्हणून तेवढी हातातल्या बॅगेत, जेनेरिक नावांच्या चिठ्ठीसह, आणि पुढची ऑगस्टमध्ये चिठ्ठी व व्हिसाच्या प्रतीसोबत कुरियरने.

जुलैअखेर सांगलीत पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीजवळ आलं. शेजारच्या काकांनी खालची दोन कपाटं माळ्यावर चढवली. घरात पाणी शिरलं नाही.

दावा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मंजूर झाला, १६,३५० पूर्ण. मामा-मामी ठरल्या दिवशी परतले. नोव्हेंबरमध्ये ताईच्या पत्त्यावर आणखी एक पाकीट आलं. अँजिओग्राफीच्या आदल्या रात्री छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचं ४१२ डॉलरचं वेगळं बिल. तिथे रुग्णालय एक बिल पाठवतं आणि त्या रात्री हात लावलेले डॉक्टर आपापली. ताईने तेही त्याच दावा क्रमांकावर पाठवलं. वर्षअखेरीला ते निकाली निघालं, तेव्हा मामांनी फाइलवर पेनाने 'बंद' असं लिहिलं, आणि मला फोन करून विचारलं की येत्या मार्चमध्ये वरच्या खोलीचं बांधकाम धरून विमा रक्कम किती लिहायची.